गेम कंपन्यांचे निरोप

ऑनलाइन गेम खेळाडूच्या फोनमध्ये असला तरी त्याच्या मालकीचा कधीच नसतो. पत्त्यांचा कॅट एकदा विकत आणला की तो बनवणाऱ्याशी संबंध संपतो. बीजीएमआय किंवा फ्री फायर मॅक्स यांसारखे बंदुकीच्या लढाईचे खेळ मात्र अखेरपर्यंत कंपनीच्या सर्व्हरवरच चालतात. बंदुकीचा मारा कमी करणे, नकाशा बदलणे, एखादे खाते गोठवणे, सगळा खेळच बंद करणे हे सारे कंपनीच्या हातात असते. त्यामुळे असा खेळ चालवणाऱ्याला खेळाडूंना सतत काही ना काही सांगत राहावे लागते. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचा किंवा दिग्रसचा खेळाडू त्या कंपनीच्या माणसाला आयुष्यात कधी भेटत नाही. त्याच्या दृष्टीने पडद्यावर आलेला निरोप हीच कंपनी.

यातले बरेचसे निरोप खेळाच्या आतच मिळतात. गेम उघडताच समोर येणाऱ्या सूचना, गेममधल्या टपालपेटीत पडलेली पत्रे, आणि अपडेटबरोबर येणारी बदलांची यादी, म्हणजे पॅच नोट्स. कोणत्या बंदुकीला ‘नर्फ’ केले म्हणजे कमजोर केले, कोणाला ‘बफ’ देऊन जोर वाढवला, कोणता दोष दुरुस्त झाला, हे त्यात लिहिलेले असते. कंपनीच्या दृष्टीने ही यादी तांत्रिक. पण एम४१६ या बंदुकीवर महिनोन् महिने हात बसवलेल्याला तिच्यातली एक ओळ सगळा सराव पुन्हा करायला लावू शकते. रोजचा दीड जीबी डेटा आणि भरत आलेला फोन असलेल्या झरी जामणीच्या खेळाडूची नजर आधी वेगळ्याच आकड्यावर जाते : अपडेट केवढा आहे आणि फोनमध्ये किती जागा मोकळी लागेल. चांगली कंपनी हा आकडा वरच सांगते. वाईट कंपनीचा आकडा अर्धे डाउनलोड झाल्यावर कळतो.

फ्री फायर मॅक्सचे मोठे अपडेट खेळाडूंमध्ये ‘ओबी’ या नावाने ओळखले जातात. अशा दिवशी सर्व्हर सकाळी बंद होतात आणि संध्याकाळच्या सुमारास सुरू होतात. त्याची वेळ आधी जाहीर केलेली असते, तरीही त्या दिवशी ‘गेम बॅन झाला’ ही अफवा उठतेच. याच गेमचे रिडीम कोड हाही एक प्रकारचा निरोप आहे. इंग्रजी मोठी अक्षरे आणि आकडे मिळून १२ किंवा १६ चिन्हांचा कोड कंपनी प्रसिद्ध करते. तो ठरावीक मुदतीत, ठरावीक प्रदेशातच चालतो, आणि गेस्ट खात्याला तर चालतच नाही. बक्षीस गेममधल्या टपालपेटीत येते. नियम एवढेच, पण ते नीट पोचत नाहीत. कालचा किंवा दुसऱ्या देशातला कोड टाकून पाहणारे आणि ‘फसवले’ म्हणून चिडणारे खेळाडू त्यामुळे रोज तयार होतात.

खेळाडूंशी बोलण्यासाठी पगारी माणूस नेमण्याची पद्धत हजारो लोकांना एकाच आभासी जगात आणणाऱ्या खेळांबरोबर रुजली. १९९७ चा ‘अल्टिमा ऑनलाइन’ आणि १९९९ चा ‘एव्हरक्वेस्ट’ हे त्यातले सुरुवातीचे मोठे खेळ. अशा माणसाला कम्युनिटी मॅनेजर म्हणतात. खेळाडू कशावर चिडले आहेत हे पाहायचे, शंभर तक्रारींमधून खरी चार दुखणी वेगळी काढायची, ती गेम बनवणाऱ्यांपुढे ठेवायची आणि तिथून आलेले उत्तर सोप्या शब्दांत परत सांगायचे, हे त्याचे काम. निर्णयाचा अधिकार मात्र त्याच्याकडे क्वचितच असतो. म्हणून ‘तुमचा मुद्दा आमच्या टीमकडे पोचवला आहे’ हे या धंद्यात नेहमी वापरले जाणारे वाक्य आहे. सरकारी कार्यालयातले ‘प्रकरण विचाराधीन आहे’ ऐकून मोठे झालेल्या माणसाला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

हे बोलणे चुकले की काय होते, याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीचे. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट टू’ येण्याच्या सुमारास डार्थ व्हेडर हे पात्र मिळवायला ६०,००० क्रेडिट लागतात, म्हणजे तासन् तास खेळावे लागते, अशी ओरड झाली. मेहनतीने मिळवल्यावर खेळाडूंना अभिमान वाटावा असा हेतू असल्याचे उत्तर कंपनीने रेडिटवर दिले. त्या एका उत्तरावर सहा लाखांहून अधिक नापसंतीची मते पडली आणि कंपनीने किंमत ७५ टक्क्यांनी उतरवली. खेळाडूंना किंमत खटकली होतीच, पण लूट दिसत असताना उपदेश ऐकावा लागला याचा राग जास्त होता.

याच्या दुसऱ्या टोकाला खेळाडूंना कारभारातच वाटा देणाऱ्या कंपन्या आहेत. आइसलँडच्या सीसीपी कंपनीच्या ‘ईव्ह ऑनलाइन’मध्ये २००८ पासून खेळाडू मतदान करून आपली परिषद निवडतात, आणि कंपनी त्या प्रतिनिधींना रेक्याविकला बोलावून चर्चा करते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’मध्ये नव्या गोष्टी खेळाडूंच्या मताला टाकल्या जातात. त्यासाठी अनेक वर्षे ७५ टक्के पाठिंब्याची अट होती, पुढे ती ७० टक्क्यांवर आणली गेली. ग्रामसभेचा कोरम भरवताना दमणाऱ्या गावांनी हेवा करावा असा हा कारभार आहे, पण असे खेळ जगात मोजकेच.

भारतात मात्र कंपनी आणि खेळाडू यांच्यामध्ये तिसरा पक्ष उभा आहे, तो म्हणजे सरकार. त्यामुळे इथल्या निरोपांची कथा वेगळी झाली. तिचा मुख्य भाग पबजी या लढाईच्या खेळाचा.

२०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला, आणि २०१८ मध्ये पबजी मोबाइल आला तेव्हा तालुक्याच्या गावांतही त्यासाठीचे फोन पोचले होते. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. ॲप स्टोअरमधून गेला, पण ज्यांच्या फोनमध्ये आधीपासून होता त्यांचा खेळ सुरूच राहिला. सहा दिवसांनी मूळ कोरियन कंपनीने जाहीर केले, की भारतातले प्रकाशनाचे हक्क चीनच्या टेन्सेंटकडे राहणार नाहीत. मग २९ ऑक्टोबरला टेन्सेंटने फेसबुकवरून खेद व्यक्त करत सांगितले, की ३० तारखेपासून भारतातली सेवा पूर्ण बंद होईल. जवळजवळ दोन महिने ‘बंदी असलेला पण चालू असलेला’ खेळ लोक खेळत होते. सरकार प्रसिद्धिपत्रकातून बोलत होते, कोरियन कंपनी निवेदनातून, चिनी कंपनी फेसबुकवरून. या तिन्हींचा मेळ घालून आपल्या आयडीचे काय होणार हे ताडण्याचे काम पुसदच्या बारावीतल्या मुलावर सोडलेले होते.

नोव्हेंबर २०२० मध्ये भारतासाठी वेगळा पबजी आणण्याची घोषणा झाली, भारतात १० कोटी डॉलर गुंतवण्याचे आश्वासनही मिळाले. त्यानंतर महिनोन् महिने ठोस असे काही नाही. कंपनी गप्प असते तेव्हा तिच्या वतीने दुसरे बोलतात. त्या काळात ‘पबजी इस तारीख को आ रहा है’ अशा थाटाच्या व्हिडिओंचे पीक आले आणि प्रत्येक तारीख खोटी ठरत गेली. अखेर मे २०२१ मध्ये क्राफ्टन या कोरियन कंपनीने ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ (बीजीएमआय) हे नाव जाहीर केले, १८ मेला पूर्वनोंदणी उघडली, १७ जूनला काहींना आगाऊ प्रवेश दिला आणि २ जुलैला खेळ सर्वांसाठी आणला. जुनी आयडी आणि पैसे देऊन घेतलेले स्किन परत मिळणार का, हा लाखोंचा एकच प्रश्न होता. जुन्या खात्याचा डेटा संमतीने नव्या खेळात आणता येईल, हे क्राफ्टनने स्पष्ट सांगितले आणि तशी सोय केली. नव्या नावाला जुने खेळाडू मिळाले त्यात या एका उत्तराचा वाटा जाहिरातींपेक्षा मोठा असावा.

बीजीएमआयमध्ये निरोपाची भाषाही जपून निवडलेली होती. रक्ताचा रंग हिरवा झाला. ‘किल’च्या जागी ‘फिनिश’ आले. हे आभासी जग आहे, मध्ये मध्ये विश्रांती घ्या, अशी सूचना खेळाडूला मिळू लागली. १८ वर्षांखालच्यांसाठी दिवसाला तीन तासांची आणि ७,००० रुपयांची मर्यादा ठेवली गेली, पालकांचा मोबाइल क्रमांक मागितला गेला. हे निरोप खेळाडूपेक्षा सरकार आणि पालक यांना उद्देशून जास्त होते, आणि त्यांची मर्यादाही लगेच दिसली. ज्या घरात एकच स्मार्टफोन आहे, तिथे पालकाला पाठवलेला ओटीपी मुलाच्या हातातल्या फोनवरच येतो.

२८ जुलै २०२२ रोजी बीजीएमआयही दोन्ही स्टोअरमधून नाहीसा झाला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली ही कारवाई झाली होती. या कलमाखालचे आदेश आणि तक्रारी गोपनीय ठेवण्याचा नियम २००९ पासून आहे. त्यामुळे खेळाडूंना द्यायला कंपनीकडे दोन-चार ओळींपलीकडे काही नव्हते : ॲप कसा काढला गेला याची माहिती घेत आहोत, कळताच सांगू. मे २०२३ मध्ये तीन महिन्यांच्या परीक्षणाच्या अटीवर परवानगी मिळाल्याचे तत्कालीन राज्यमंत्री राजीव चंद्रशेखर यांनी ट्विटरवरून सांगितले, आणि २९ मेपासून तो परत खेळता येऊ लागला. खेळाडूला कंपनीइतकेच मंत्र्याचे ट्विट महत्त्वाचे वाटावे, ही या धंद्यातली भारतीय भर.

फ्री फायरची गत याहून वाईट. फेब्रुवारी २०२२ मध्ये ५४ ॲपवरच्या बंदीत तो गेला, पण त्याचाच भाऊ फ्री फायर मॅक्स प्ले स्टोअरवर राहिला. असे का, हे कोणी नीट सांगितले नाही. ३१ ऑगस्ट २०२३ रोजी गरेना कंपनीने ‘फ्री फायर इंडिया’ची घोषणा केली, महेंद्रसिंग धोनी सदिच्छादूत, त्याच्यावर बेतलेले ‘थाला’ हे पात्र, आणि तारीख ५ सप्टेंबर. आदल्या दिवशी निरोप आला, की खेळ आणखी चांगला करण्यासाठी काही आठवडे लागतील. २०२३ सरले, २०२४ही सरले. पबजीच्या वेळी कंपनी गप्प राहिली होती; इथे तारीख जाहीर करून ती पाळली नाही.

महाराष्ट्रातल्या कंपन्यांनी खेळाडूंशी जवळीक साधण्याचे काही प्रयत्न केले आहेत. पुण्याच्या सुपरगेमिंगने ‘इंडस’ हा खेळ बनवताना तो तयार होण्याआधीच लोकांपुढे ठेवला. २०२२ मध्ये घोषणा झाली, २०२३ मध्ये पूर्वनोंदणी सुरू झाली. मधल्या काळात कामाची प्रगती, ‘विरलोक’ हे त्याचे कल्पित जग, ‘सर-ताज’सारखी पात्रे हे सारे टप्प्याटप्प्याने दाखवले गेले, आणि निवडक खेळाडूंना बीटा चाचणीत खेळायला देऊन त्यांचे म्हणणे ऐकले गेले. एक कोटीवर नोंदण्या झाल्या. १६ ऑक्टोबर २०२४ रोजी खेळ आला. बीटा चाचणीतला खेळाडू दोष दाखवतो आणि फुकट जाहिरातही करतो, म्हणून कंपन्यांना तो हवाच असतो. पण ही वाट दीर्घ पल्ल्याची आहे. पूर्वनोंदणी करणारा दोन वर्षे तितक्याच उत्सुकतेने थांबत नाही.

नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा ‘लुडो किंग’ याच्या अगदी उलट प्रकारचा. विकास जयस्वाल यांनी २०१६ मध्ये आणलेल्या या खेळात पॅच नोट्स वाचणारा खेळाडू नाहीच. आजीपासून नातवापर्यंत घरातले सगळे खेळतात. मार्च २०२० च्या टाळेबंदीत इतके लोक एकदम आले, की सर्व्हर अपुरे पडले. एकमेकांपासून दूर अडकलेल्या नातलगांना खेळताना बोलायचे होते, तेव्हा कंपनीने त्याच वर्षी व्हॉइस चॅट दिले. खेळाडूंचे ऐकल्याचा पुरावा देण्यासाठी निवेदनापेक्षा ही पद्धत चांगली. एक तक्रार मात्र लुडोच्या कोणत्याही ॲपला चुकत नाही : फासा मुद्दाम पाडला जातो. हातातला फासा पडताना दिसतो, फोनमधला दिसत नाही. कंपनीने कितीही सांगितले तरी हरणाऱ्याचे समाधान होत नाही.

या सगळ्या बोलण्याची भाषा प्रामुख्याने इंग्रजी आणि हिंदी. सोळा तालुक्यांच्या यवतमाळ जिल्ह्यात मराठीबरोबर गोरमाटी, गोंडी, कोलामी बोलणारी घरे आहेत; तिथल्या खेळाडूला मराठीतही पॅच नोट्स सहसा मिळत नाहीत. ही पोकळी यूट्यूबवाले भरून काढतात. मुंबईचा नमन माथूर, म्हणजे ‘मॉर्टल’, याच्यासारखे नामवंत खेळाडू त्यातूनच देशभर पोचले. कंपन्याही अशा मंडळींना नव्या गोष्टी आधी दाखवतात, कारण अधिकृत सूचनेपेक्षा त्यांचा व्हिडिओ जास्त लोक पाहतात. त्यांच्या खाली गावोगावचे छोटे चॅनेल, आणि त्याखाली व्हॉट्सॲपचे ग्रुप, जिथे कस्टम रूमचा आयडी-पासवर्ड आणि ‘नवा अपडेट आला’ ही बातमी एकाच दमात फिरते. प्रत्येक पायरीवर निरोप थोडा फुगतो. दुरुस्तीसाठी दोन तास बंद राहणारा सर्व्हर ग्रुपमध्ये पोचेपर्यंत कायमचा बंद झालेला असतो.

सर्वांत कच्चा दुवा आहे एकट्या खेळाडूच्या तक्रारीचा. यूसी किंवा डायमंड या गेममधल्या चलनाचे पैसे कापले गेले पण खात्यात आले नाहीत, आयडी हॅक झाली, किंवा हॅक न वापरताही बॅन झाली, अशा वेळी काय करायचे? पबजीसारख्या खेळात फसवणूक करणाऱ्याला थेट दहा वर्षांचा बॅन मिळतो. बंदीचा संदेश नेमका कोणत्या खेळीत काय दिसले हे सहसा सांगत नाही, कारण पकडण्याची पद्धत उघड झाली तर हॅकवाले ती चुकवतील. कंपनीचे हे म्हणणे खोटे नाही, पण निर्दोष माणसाच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. तक्रार गेममधल्या ‘सपोर्ट’मधूनच करायची असते आणि पहिले उत्तर बहुधा यंत्राचे येते. बहुतेक मोठ्या गेमना फोनवर बोलायला कस्टमर केअर नसतेच. नेमके हेच ठाऊक नसलेला माणूस इंटरनेटवर नंबर शोधतो, ठगांनी पेरलेला नंबर त्याला सापडतो, आणि पलीकडचा गोड बोलून ओटीपी मागतो किंवा फोनचा ताबा देणारे ॲप टाकायला लावतो. असे झाल्यास १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवावे लागते; पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी कळवले तरच ते अडवता येण्याची शक्यता असते.

कायद्याने खेळाडूला काही दारे उघडून दिली आहेत, ती फारशी कोणाला माहीत नाहीत. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार मध्यस्थ मंचांनी तक्रार अधिकाऱ्याचे नाव व संपर्क प्रसिद्ध करायचा असतो, तक्रार पोचल्याची पावती २४ तासांत आणि निकाल ठरलेल्या मुदतीत द्यायचा असतो. उत्तर पटले नाही तर ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येते. पैसे देऊन घेतलेल्या वस्तूचा किंवा सेवेचा प्रश्न असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ जास्त उपयोगाचा. या कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली. कंपनी बंगळूरची असो की सोलची, दारव्ह्याच्या ग्राहकाला यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्कही नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पावतीचा मेल, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, गेममधला आयडी आणि तक्रारीचा तिकीट क्रमांक मात्र जपून ठेवलेला हवा. स्क्रीनशॉट न घेतलेली तक्रार सिद्ध करणे जड जाते.

पैसे लावून खेळायच्या गेमचा निरोप हा वेगळाच मामला होता. तिथे कंपनीचे बोलणे म्हणजे मुख्यतः जाहिरात. जाहिरातींवर स्वनियमन करणाऱ्या ‘ॲस्की’ या संस्थेने १५ डिसेंबर २०२० पासून अशा जाहिरातींना बंधने घातली. आर्थिक जोखीम आणि व्यसनाचा इशारा छापील जाहिरातीत किमान २० टक्के जागेत हवा, व्हिडिओत तो बोलण्याच्या नेहमीच्या वेगात आणि जाहिरातीच्याच भाषेत हवा, आणि खेळ हे कमाईचे किंवा नोकरीचे साधन म्हणून दाखवू नये. प्रत्यक्षात तो इशारा शर्यतीच्या वेगाने म्हटला गेलेला सगळ्यांनी ऐकला आहे. मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैशांचे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे आणि ५० लाख. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मुंबईच्या ड्रीम११ ने लगेच पैशांच्या स्पर्धा थांबवल्या आणि खेळाडूंना कळवले, की खात्यातली शिल्लक सुरक्षित आहे, काढून घेता येईल. वर्षानुवर्षांच्या झगमगीत जाहिरातींनंतर आलेला हा सर्वांत साधा आणि बहुधा सर्वांत काळजीपूर्वक वाचला गेलेला निरोप.

पुढचा बदल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने होऊ घातला आहे. हा कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. १८ वर्षांखालच्या खेळाडूचा डेटा घेण्यापूर्वी पालकाची पडताळता येईल अशी संमती लागेल, मुलांवर पाळत ठेवून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिराती दाखवता येणार नाहीत. कोणता डेटा कशासाठी घेतला जातो हे सांगणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. त्या अनुसूचीत मराठी आहे. यवतमाळच्या तांड्यांवर बोलली जाणारी गोरमाटी, आणि पोडांवरची कोलामी, गोंडी या भाषा तीत नाहीत.